बॅगेत 14 डिस्क, पण सगळ्या जातात डावीकडेच

डावखोरी_फ्लाइट: दोन वर्षं डिस्क गोल्फ (फ्रिस्बीसारखी डिस्क साखळ्यांच्या टोपलीत टाकायचा खेळ) खेळतोय, बॅगेत 14 डिस्क झाल्यात, त्यातले पाच तर 11-12 स्पीडचे ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकीच्या वेगवान डिस्क. उजव्या हाताने बॅकहँड मारतो, कुठलीही घ्या, थोडी पुढे जाते की डावीकडे गळते. मग वाटतं डिस्कच चुकली, अजून एक घेतो 😅 डिस्क कमी केल्या की थ्रो सुधारतो म्हणतात, खरंय का? ठेवू कुठल्या?

साखळीचा_आवाज: खरंय. डिस्ट्रॉयर या ड्रायव्हरवर 12, 5, -1, 3 (स्पीड, ग्लाइड म्हणजे तरंगणं, टर्न, फेड) लिहिलेलं असतं, पण ती तेवढ्या वेगाने सुटली तरच ते आकडे लागू, नाहीतर टर्न (सुरुवातीचं उजवीकडे वळणं) गायब आणि उरतो नुसता फेड (शेवटचं डावीकडे गळणं), तोही लवकर. शिवाय ओव्हरस्टेबल (जोराने डावीकडेच ओढणारी) डिस्क तुमच्या चुका पोटात घालते, थरथरत सुटली तरी शेवटी डावीकडेच जाणार, मग कळणार काय? पटर (जवळच्या फेकीची, हळू डिस्क) लगेच चुगली करतो. एव्हिएर हा पटर पूर्ण जोरात मारून बघ. डगमगत उजवीकडे उलटला तर रिलीजला मनगट वळतंय, आणि वर चढून तिथेच मेला तर डिस्कचं नाक (पुढची कड) वर आहे.

झाडात_अडकलेला: फक्त पटर नको रे, कंटाळा येतो, मी आठवड्यात सोडलं होतं. तीन ठेव: पटर, बझ (मधल्या पल्ल्याची), लेपर्ड (कमी स्पीडचा ड्रायव्हर). पटर मात्र एकसारखे तीन-चार घे, वजनही सारखंच, नाहीतर दर फेकीला आणायला पळत बसशील. आणि बझ एकदा हायझर (बाहेरची कड खाली), एकदा सपाट, एकदा अॅनहायझर (बाहेरची कड वर) अशी सोडत जा, एकाच डिस्कने तीन वाटा. बाकीच्या कपाटात, विकू नको लगेच.

वाऱ्यावरची_वरात: एक ओव्हरस्टेबल राहू दे. समोरून वारा असला की लेपर्ड पार उलटते.

डावखोरी_फ्लाइट: काल मैदानावर पावलं मोजली. पटर आणि 12 स्पीडचा ड्रायव्हर यांच्यात फरक फक्त सहा पावलांचा!! आणि पटर सरळ गेला, म्हणजे एवढे दिवस मी काय करत होतो कुणास ठाऊक. लेपर्ड मात्र कधी कधी उजवीकडे वळते, बिघडलं का काही?

साखळीचा_आवाज: बिघडलं नाही, टर्न दिसायला लागला. आता थोड्या हायझरवर सोड, ती आपोआप सपाट होईल. डगमगत असेल तर मात्र आधी मनगट बघ.