संस्थेचा डेटा क्लाउडवर न्यायचाय, सुरुवात कुठून करू?

कोथरूडकर: आमची संस्था येरवड्यात वस्तीतल्या मुलांचे अभ्यासवर्ग घेते. देणगीदारांच्या एक्सेल, पावत्या, टॅलीतले हिशोब, फोटो सगळं ऑफिसातल्या एकाच जुन्या पीसीवर आहे आणि परवा पावसात लाइट गेली तर तो चालूच होईना, जाम टेन्शन आलं. बजेट फारसं नाहीये.

सिंहगडरोडवाला: गूगल फॉर नॉनप्रॉफिट्सला अर्ज करा, ट्रस्टची कागदपत्रं हाताशी ठेवा. मंजूर झालं की वर्कस्पेस (गूगलचं मेल, ड्राइव्ह वगैरे) फुकट, सगळ्यांत मिळून १०० टीबी जागा. खाती मात्र संस्थेच्या डोमेनवरच (संस्थेच्या नावाच्या वेब-पत्त्यावर) काढा हं, कुणाच्या घरच्या जीमेलवर नको, माणूस सोडून गेला की फाइली त्याच्याकडेच राहतात.

पेठकर: टॅलीचा चालू डेटा ड्राइव्हच्या सिंक फोल्डरमध्ये (जो आपोआप क्लाउडवर चढत राहतो) ठेवू नका, खराब होऊ शकतो, रोजचा बॅकअप तेवढा वर टाका. आणि जुने अहवाल श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टात असतील तर आधी युनिकोडात (हल्ली सगळीकडे चालणाऱ्या मराठी टायपिंगमध्ये) करून घ्या, नाहीतर सर्चमध्ये ‘देणगी’ टाकलंत तरी काही सापडणार नाही. हे काम वेळखाऊ आहे पण कराच.

कोथरूडकर: श्रीलिपीतच आहेत सगळे! मुलांची आधार कार्डंही स्कॅन करून टाकू का?

पेठकर: गरज नसेल तर अजिबात नको. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते.