वजनकाट्याच्या केबिनमधला पोर्ट कसा बंदिस्त करावा? सल्ला हवा (२४ पोर्ट स्विच, लातूर)

तूरडाळ_लातूर
नमस्कार मंडळी. लातूर एमआयडीसीत डाळ मिल आहे. मी तिथं अकाउंट बघतो, अन् 'तुला कॉम्प्युटरमधलं कळतंय' म्हणून नेटवर्कही माझ्याच गळ्यात. ११ मशीन, टॅलीचा सर्व्हर, दोन प्रिंटर, हजेरीचं थंब मशीन, ८ कॅमेरे आणि गेटजवळ वजनकाट्याच्या केबिनमध्ये एक कॉम्प्युटर. सगळं एका २४ पोर्टच्या (वायर लावायच्या जागा) मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग बदलता येणाऱ्या स्विचवर.

मागच्या महिन्यात काट्यावरच्या पोरानं मोबाईलला वायफाय पाहिजे म्हणून घरचा जुना राउटर आणून मोकळ्या सॉकेटात खुपसला. अर्ध्या तासात एकेक मशीन टॅलीपासून तुटू लागलं. बाहेर तुरीच्या गाड्यांची रांग, ड्रायव्हर पावतीसाठी बोंबलायलेत, मालक डोक्यावर उभे. कारण सापडेपर्यंत दुपार झाली.

म्हणून रविवारी बसून स्विचमध्ये ८०२.१एक्स (ओळख पटल्याशिवाय पोर्ट न उघडायची सोय) चालू केलं. सगळ्या पोर्टला 'ऑटो' टाकलं अन् अप्लाय दाबलं. माझाच लॅपटॉप बाहेर! इंटरनेट पण गेलं. सेव्ह केलं नव्हतं म्हणून स्विचचा प्लग काढून परत लावला, जुनं सेटिंग आलं, वाचलो.

आता काय करावं? नवीन सर्व्हर घ्या म्हटलं तर मालक दारात उभं करणार नाहीत.

वाळूजचा_वायरमन
भाऊ, तुम्ही वॉचमन उभा केला पण यादी ज्याच्याकडे असते तो मुनीमच नेमला नाही. ८०२.१एक्समध्ये स्विच स्वतः फारसं काही ठरवत नाही. मशीननं दिलेलं नाव-पासवर्ड तो रेडियस सर्व्हरला विचारतो आणि 'हो' आलं तरच पोर्ट उघडतो. तुमच्याकडे रेडियसच नाही, मग सगळेच बाहेर. त्यात अपलिंकलाही, म्हणजे राउटरकडं जाणाऱ्या पोर्टलाही ऑटो टाकलंत. राउटर काय पासवर्ड सांगणार? अपलिंक, सर्व्हर आणि तुमचा स्वतःचा एक पोर्ट कायम 'फोर्स ऑथराइज्ड' (न विचारता उघडा) ठेवा.

पण खरं सांगू का, तुमचं दुखणं ते नाहीच. पोराच्या राउटरनं स्वतःच आयपी (मशीनचे नेटवर्कवरचे पत्ते) वाटायला सुरुवात केली, म्हणून मशीनं भलत्या पत्त्यावर गेली. त्याचं औषध डीएचसीपी स्नूपिंग. स्विचमध्ये चालू करा, तुमच्या व्हीलॅनवर (स्विचमध्येच पाडलेला नेटवर्कचा वेगळा कप्पा) लावा, आणि ज्या पोर्टला मुख्य राउटर आहे तेवढाच 'ट्रस्टेड' करा. बाकी कुठल्याही पोर्टवरून कुणी आयपी वाटायला लागला तर स्विच ते उत्तर तिथंच टाकून देतो. रुपया खर्च नाही.

एक खोच आहे. ट्रस्टेड करायचं विसरलात तर लगेच काही कळत नाही, कारण जुने आयपी मुदत संपेपर्यंत चालतात. दुसऱ्या दिवशी सकाळी एकेक मशीन रडायला लागतं आणि तोवर आपण काय बदललं ते आपल्यालाच आठवत नसतं.

मग काट्याच्या पोर्टवर पोर्ट सिक्युरिटी: कमाल १ मॅक (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक), तोही त्याच कॉम्प्युटरचा लॉक केलेला. नियम मोडल्यावर 'शटडाउन' नका ठेवू, 'डिस्कार्ड' (परक्याचं टाकून द्या, पोर्ट चालूच) ठेवा. शटडाउन झालेला पोर्ट सहसा कुणीतरी हातानं परत चालू करावा लागतो, आणि रात्री ११ ला गाडी काट्यावर असताना फोन तुम्हालाच येणार. केबिनमधलं मोकळं सॉकेट तर स्विचकडूनच बंद करून टाका.

परभणीचा_पाहुणा
मॅक लॉक म्हणजे दाराला सुतळी बांधणं आहे. प्रिंटरचा मॅक त्याच्याच मागच्या स्टिकरवर छापलेला असतो. लॅपटॉपला तोच मॅक द्यायला दोन मिनिटं लागत नाहीत.

वाळूजचा_वायरमन
बरोबर आहे दादा, पण इथं चोर कोण आहे ते बघा. वायफायसाठी हपापलेलं पोरगं. त्याला सुतळी पुरते. खरी भीती मला गेटवरच्या कॅमेऱ्याची वाटते. वायर कंपाउंडच्या बाहेर लोंबत असते, कॅमेरा काढून कुणी लॅपटॉप लावला तर थेट टॅलीच्या सर्व्हरपर्यंत रस्ता मोकळा. कॅमेरे आणि थंब मशीन वेगळ्या व्हीलॅनमध्ये टाका, तिथून अकाउंटच्या मशीनकडे रस्ताच नको. मग मॅक चोरला तरी हाती कॅमेरेच लागतील.

तूरडाळ_लातूर
स्नूपिंग झालं. मुद्दाम राउटर लावून बघितला, कुणी हललं नाही. लई भारी! पण मालकांच्या पुतण्यानं कुठंतरी वाचलंय, त्याला ८०२.१एक्स पाहिजेच म्हणायलाय. आणि मुनीमजींच्या खोलीत एका वायरवर छोटा ५ पोर्टचा स्विच लावून चार मशीन चालतात. तिथं काय?

वाळूजचा_वायरमन
मग ऑफिसच्या मशीनपुरतं करा. पडून असलेल्या जुन्या पीसीवर लिनक्स आणि फ्रीरेडियस टाका, फुकट आहे. स्विचमध्ये त्या पीसीचा आयपी, पोर्ट १८१२ आणि दोन्हीकडे सारखाच गुप्त शब्द.

विंडोजमध्ये सगळे इथंच अडकतात: नेटवर्क कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये 'ऑथेंटिकेशन' टॅब दिसतच नाही. सर्व्हिसेसमध्ये जाऊन 'वायर्ड ऑटोकॉन्फिग' सुरू करा, ऑटोमॅटिक करा, टॅब येतो. मग पीईएपीच्या (नाव-पासवर्डानं ओळख पटवायची पद्धत) सेटिंगमध्ये आत जाऊन 'माझं विंडोजचं लॉगिन आपोआप वापरा' ही खूण काढा. नाहीतर विंडोज स्वतःचंच नाव पाठवत बसतं आणि रेडियस नाही म्हणत बसतो.

प्रिंटरला पासवर्ड टाकता येत नसेल तर त्याचा मॅकच रेडियसमध्ये नाव म्हणून भरतात. कोलन आहे की डॅश, अक्षरं लहान की मोठी, स्विच पाठवतो तस्संच लिहा. माझी एक अख्खी दुपार एका कोलनपायी गेलीय.

मुनीमजींच्या खोलीत मात्र चार वायरी ओढा. मधला स्वस्त स्विच ८०२.१एक्सची ओळख पटवायची पाकिटं कधी पुढं सोडतो, कधी गिळतो. आणि 'मल्टी होस्ट' लावलं तर एकानं पासवर्ड दिला की मागचे तिघं फुकट आत.

एका दिवशी एकच मशीन. आधी तुमचं.

नांदेडकर_७७
रेडियसचा पीसी आणि स्विच दोन्ही यूपीएसवर घ्या. लाईट येऊन-जाऊन पीसी बसला तर सगळं ऑफिस बाहेर उभं राहील.

तूरडाळ_लातूर
वायरी ओढल्या, माझं आणि दोन मशीन ८०२.१एक्सवर नीट चालली. काट्याचा पोर्टही लॉक केला होता. परवा रात्री लाईट गेली. सकाळी ८ ला काट्यावरचं पोरगं हसत हसत आलं, "साहेब, राउटर परत चालायलाय."

नांदेडकर_७७
सेव्ह केलं होतं का?

तूरडाळ_लातूर
नव्हतं. तो वरचा सेव्हचा आयकॉन आठवडाभर लुकलुकत होता, मला वाटलं चालू असल्याची खूण आहे. आता सगळं परत टाकलं, सेव्ह केलं, फाईल पेनड्राईव्हवर उतरवली. यूपीएसचं मालकांनी उद्यावर ढकललंय. राउटर सध्या माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.