इराणवरच्या चर्चेत अब्राहमियन यांचं नाव राहिलं

१९५३ साली अमेरिका आणि ब्रिटननं इराणचे पंतप्रधान मोसादेघ यांचं सरकार पाडलं ते कम्युनिस्टांच्या भीतीपोटी, असं म्हटलं जातं. यावर इराणचे इतिहासकार एर्वंद अब्राहमियन वाचायलाच हवेत. जन्म १९४० चा, तेहरानचा, आर्मेनियन कुटुंबातला; शिक्षण ऑक्सफर्ड आणि कोलंबियात, पुढे न्यूयॉर्कच्या बरूक कॉलेजात प्राध्यापकी. त्यांच्या मते ती भीती निमित्तमात्र. खरी मेख तेलावर ताबा कुणाचा, ही होती. १९५१ चं तेलाचं राष्ट्रीयीकरण इराणला पचलं असतं, तर इतर तेलदेशांनीही तोच कित्ता गिरवला असता. गंमत म्हणजे तुदेह या इराणच्या कम्युनिस्ट पक्षाचाही त्यांचा दांडगा अभ्यास, त्यामुळे त्याची ताकद किती नि बाऊ किती, हे ते ओळखून. १९७९ च्या इराणी क्रांतीचे नेते खोमेनी, त्यांनाही ते मूलतत्त्ववादी म्हणत नाहीत. लॅटिन अमेरिकेतल्या लोकानुनयी पुढाऱ्यांच्या पंगतीला बसवतात. हे मात्र पचायला मला बराच वेळ लागला.