शब्दचर्चा: कुंपणाच्या माथ्याला लागलेला चेंडू

बेसबॉलवरच्या एका लेखाचं मराठी करतेय. चेंडू मैदानाच्या टोकाच्या कुंपणाला अगदी वर लागतो आणि परत आत येतो. मी 'चेंडू सीमारेषेला लागला' असं लिहिलंय. चालेल? आणि 'ग्राउंड रूल डबल'ला, म्हणजे टप्पा पडून कुंपणापलीकडे गेलेल्या चेंडूबद्दल मिळणाऱ्या दोन बेसना, काय म्हणावं? 'जमीन-नियम'?

— 'सीमारेषा' नकोच. क्रिकेटमध्ये चेंडू थेट दोरीवर पडला तरी षटकार, म्हणून तो शब्द वाचताच वाचक सहा धावा देऊन मोकळा होतो. बेसबॉलमध्ये कुंपण हा मैदानाचाच भाग. माथ्याला लागून पलीकडे पडला तर होमरन (फलंदाज आणि बेसवरचे सगळे धाव पुरी करतात), आत आला तर खेळ चालू. 20 सप्टेंबर 1973 ला शे स्टेडियमवर मेट्स आणि पायरेट्स या संघांच्या सामन्यात, तेराव्या डावात, पायरेट्सच्या डेव्ह ऑगस्टीनचा फटका डावीकडच्या भिंतीच्या माथ्यावर आपटला आणि उसळून थेट मेट्सचा क्षेत्ररक्षक क्लिऑन जोन्सच्या हाती आला. चेंडू जोन्सकडून साथीदार गॅरेट, गॅरेटकडून यष्टिरक्षकासारखा बसलेला कॅचर हॉजेस. पहिल्या बेसवरून धावत सुटलेला रिची झिस्क होम प्लेटवर, म्हणजे धाव पुरी होते तिथेच, बाद! वीतभर पलीकडे पडला असता तर दोन धावा होत्या. त्यामुळे 'कुंपणाच्या माथ्याला लागून आत आला' असं सरळ लिहा. 'माथा' छान शब्द आहे, 'कड' म्हटलं की बाजूची कडही वाटते.

— पण मग जोन्सने चेंडू 'झेलला' म्हणायचं ना?

— नाही, इथेच खरी गंमत आहे. भिंतीला लागला की झेल संपला, हातात आला तरी फलंदाज झेलबाद नाही. 'पकडला' किंवा 'हाती आला' लिहा. ऑक्टोबर 2025 मध्ये मिलवॉकीत फलंदाज मॅक्स मन्सीचा फटका क्षेत्ररक्षक सॅल फ्रेलिकच्या ग्लव्हला लागला, मग भिंतीच्या माथ्याला, मग पुन्हा ग्लव्हमध्ये. तिन्ही बेस भरलेले. धावपटू झेल समजून थबकले, फ्रेलिकने चेंडू आत फेकला आणि एक जण होमवर, दुसरा तिसऱ्या बेसवर बाद. म्हणजे 'झेलला' आणि 'पकडला' यातला फरक खेळाडूंनाही ऐन वेळी चकवतो, अनुवादात तो पुसू नका.

— 'ग्राउंड रूल'बद्दल राहिलंच. इथे ग्राउंड म्हणजे जमीन नव्हे, मैदान. त्या त्या मैदानापुरते नियम, तेव्हा 'मैदाननियम' बरोबर. घोटाळा असा, की टप्पा पडून कुंपणापलीकडे गेलेल्या चेंडूला दोन बेस देणं हा मैदाननियम नाहीच, तो सगळीकडे लागू असलेला छापील नियम आहे. 1930 च्या आधी असा चेंडू होमरन धरत. मी 'टप्प्याचे दोन बेस' लिहीन, मूळ नाव एकदा देऊन.