पेंटॅक्सने छोट्या कोपऱ्यातच खेळावं

पेंटॅक्स या कॅमेरा ब्रँडनेही आता फुल फ्रेम मिररलेस (मोठ्या सेन्सरचा, आत आरसा नसलेला कॅमेरा) काढून सोनी-कॅननशी भिडावं असं काही जण म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही. त्या शर्यतीत बॉडीपेक्षा लेन्सेसचा खर्च मारतो, नवीन माउंट (बॉडीवर लेन्स बसवायची जोडणी) म्हणजे पंधरा-वीस लेन्सेस शून्यापासून, आणि पेंटॅक्सची मालक कंपनी रिको एवढा पैसा त्यात ओतेल असं वाटत नाही. बरं, मिररलेस त्यांनी करून पाहिलाय की, 2012 चा के-01, आरशाच्या कॅमेऱ्यांचा जुनाच के माउंट ठेवला म्हणून बॉडी जाडजूड झाली आणि चालला नाही.

उलट 2023 चा के-3 मार्क थ्री मोनोक्रोम बघा, फक्त कृष्णधवल फोटो काढणारा, सेन्सरवर कलर फिल्टरच नाही त्यामुळे प्रत्येक पिक्सेलला पूर्ण उजेड मिळतो आणि हाय आयएसओला (कमी उजेडासाठी सेन्सरची संवेदनशीलता वाढवली की) फोटोत जो ग्रेन, म्हणजे दाणेदारपणा, येतो तो बघतच राहावा असा. असा कॅमेरा तोवर लायकासारख्या महागड्या ब्रँडच्या किमतीतच मिळायचा! 2024 ला तर पेंटॅक्स 17, चक्क नवाकोरा फिल्म कॅमेरा, हाफ फ्रेम, म्हणजे नेहमीच्या अर्ध्या जागेत एक फोटो, त्यामुळे 36 च्या रोलमध्ये 72 फोटो, रोल महाग झालेत तेव्हा हे फार मोलाचं आहे. रोल पुढे सरकवायचा लिव्हरसुद्धा खरा, हाताने ओढायचा.

फक्त के माउंटच्या लेन्सेस वाऱ्यावर सोडू नयेत, जुने लोक त्याच भरवशावर थांबलेत.