ताक आणि क्रिएटिनिन
कुणीतरी लिहिलंय, "रोज ताक प्या, पोट साफ राहिलं की क्रिएटिनिन उतरतं." क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला कचरा, किडनी बिघडली की तो वाढतो. पोटाचं आणि किडनीचं नातं आहे, पण इतकं सरळ नाही. प्रथिनांतल्या ट्रिप्टोफॅन नावाच्या घटकापासून आतड्यातले जिवाणू इंडोल हा पदार्थ बनवतात, यकृत त्याचं इंडॉक्सिल सल्फेट नावाचं घातक टाकाऊ द्रव्य करतं. धडधाकट किडनी ते लघवीवाटे काढते, आजारी किडनीला जमत नाही. रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेलं असल्याने ते डायलिसिसलाही फारशी दाद देत नाही. इंडोल आतड्यातच शोषून घेणारं कोळशाचं औषध जपानमध्ये १९९१ पासून आहे, पण पुढच्या मोठ्या चाचण्यांत त्याचा ठोस फायदा दिसला नाही. बद्धकोष्ठता मात्र अंगावर काढू नका. मळ रेंगाळला की जिवाणूंना इंडोल बनवायला आयता वेळ मिळतो. आणि ताक? पाणी मोजून प्यायचं असेल तर तेही त्याच मापात धरायचं. शिवाय पोटॅशियम असतंच त्यात, आणि आजारी किडनीला तेही नीट बाहेर टाकता येत नाही.