भाड्याचं घर सोडताना कार्पेटचं नुकसान : मदत हवी आहे

घरबदल :
पुढच्या महिन्यात भाड्याचं घर सोडतोय. तिन्ही खोल्यांत भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट आहे. झोपायच्या खोलीत इस्त्रीचा तळहाताएवढा जळका डाग, पलंगाच्या पायांचे खड्डे, खिडकीखाली उडालेला रंग आणि एका कोपऱ्यात मांजराच्या मुताचा वास. मालक म्हणतात, सगळं कार्पेट नवीन टाकू आणि ते पैसे डिपॉझिटमधून कापू. एवढं द्यावं लागतं का? डाग घरीच काढून बघू का?

उंबरठा :
खड्डे, उन्हाने विटलेला रंग, ये-जा करून दबलेली वाट ही नेहमीच्या वापरातली झीज. तिची किंमत भाड्यातच आली. जळका डाग आणि मूत हे मात्र नुकसान, ते तुमच्याकडे लागतं.
पण किती? आधी मालकांना कार्पेट कधी टाकलं ते लेखी विचारा, बिलाची प्रत मागा. राहायला आलात तेव्हाची पाहणीची यादी आणि फोटो शोधून ठेवा. करारात साफसफाईचं किंवा पाळीव प्राण्यांचं कलम आहे का, तेही वाचा.

घरबदल :
बिल मिळालं. कार्पेट ७ वर्षांचं आहे. खोली १२ चौरस मीटर, तिन्ही मिळून ४०.

उंबरठा :
मग हिशेब सोपा आहे. समजा, त्या प्रतीच्या कार्पेटचं आयुष्य १० वर्षं धरलं. उरली ३, म्हणजे ३० टक्के. नुकसान एकाच खोलीत, म्हणजे ४० पैकी १२ चौरस मीटर, तेही ३० टक्केच. ३० टक्क्यांचे ३० टक्के म्हणजे ९. मालक शंभर मागत असतील तर तुमच्या वाट्याला साधारण नऊ. जुनं गेलं म्हणून मालकाला कोरं करकरीत फुकट मिळावं, असा अर्थ नुकसानभरपाईचा होत नाही.
मालक म्हणतील, एकाच खोलीचं बदललं तर रंग जुळणार नाही. दाराच्या उंबऱ्याशी कार्पेट तुटत असेल तर या मुद्द्यात फारसा दम नाही. सलग असेल तर थोडा आहे.
आयुष्य किती धरायचं आणि डिपॉझिट किती दिवसांत परत करायचं, हे जागोजागी वेगळं. आपल्या ठिकाणचा भाडेकायदा बघा.

दोरा_सुई :
आता डागांचं. इस्त्रीखाली कृत्रिम धागा वितळतो, त्यामुळे तो डाग धुऊन जात नाही. नुसती टोकं करपली असतील तर नखं कापायच्या कात्रीने छाटा. बुडापर्यंत वितळलं असेल तर ठिगळच. तुकडा कपाटाच्या आतल्या कोपऱ्यातून घेतात. तो डागावर ठेवून त्याच्याच कडेने खालचं कापायचं आणि खालून गरम गोंदाच्या जोडपट्टीने बसवायचं. लव, म्हणजे कार्पेटचे वरचे धागे, एकाच दिशेला झोपली पाहिजे. उलटी बसली की ठिगळ लांबूनही डोळ्यात भरतं. कपाटातला तुकडा कमी मळलेला असल्याने थोडा उजळ दिसणारच. मालकांच्या लेखी परवानगीशिवाय कात्री लावू नका, नाहीतर हात दाखवून अवलक्षण.

मुताला वाफेचं मशीन लावू नका, उष्णतेने डाग आणि वास पक्का बसतो. ब्लीच तर मुळीच नको : रंग जातो, शिवाय मुतातल्या अमोनियाशी मिळून विषारी वाफ होते. अंधारात अतिनील टॉर्चने डागाची खरी हद्द शोधा. मूत खालच्या फोममध्ये वरच्या डागापेक्षा जास्त पसरलेलं असतं, त्यामुळे एन्झाइमवालं द्रावण हद्दीबाहेर वीतभर आणि फोमपर्यंत मुरेल इतकं ओता. बाटलीवर लिहिलेला वेळ ते ओलं राहू द्या. नुसतं वरवर फवारलं तर दमट दिवशी वास पुन्हा येतो. मग कापडाने टिपा, घासू नका, आणि पंखा लावून वाळवा. तरीही वास राहिला तर फोमचा तेवढा तुकडा बदलावा लागेल.

खड्ड्यांवर बर्फाचा खडा ठेवा. विरघळल्यावर पाणी टिपून लव बोटांनी उभी करा.

घरबदल :
कार्पेट धुण्याचं मशीन भाड्याने आणू का?

दोरा_सुई :
आणा, पण मांजराचा कोपरा सोडून. साबण कमीच घाला, उरलेला साबण चिकट होऊन धूळ धरतो. धुऊन झाल्यावर साबणपाण्याशिवाय नुसतं ओढून घ्यायचे दोन-तीन फेरे मारा. फार भिजलं तर कार्पेट आकसून जोड उघडू शकतात आणि बुरशी लागते.

उंबरठा :
फोटो पूर्ण वाळल्यावर काढा. ओल्या कार्पेटमध्ये डाग लपतात आणि नंतर वाद होतो. डागाशेजारी मोजपट्टी ठेवा. किल्ली द्यायच्या आधी मालकांसोबत पाहणी करून यादीवर दोघांच्या सह्या घ्या. पैसे कापलेच तर बाबनिहाय हिशेब आणि पावत्या लेखी मागा.